पहिल्यांदा डबलसीट: जोडीदाराला बाइकवर मागे बसवताना

पुण्यात डबलसीट न बसलेला माणूस नसतोच, असं आपण धरून चालतो. पण कॉलेजात असताना मित्राच्या मागे बसून टिळक रोड पालथा घालणं वेगळं, आणि जिने आजवर फक्त स्वतःची स्कूटर चालवली किंवा रिक्षा-पीएमपीने प्रवास केला, तिला मोटरसायकलच्या उंच, अरुंद सीटवर बसवून नेणं वेगळं. समोरचा खड्डा तुम्हाला दोन सेकंद आधी दिसतो. तुम्ही नकळत गुडघे आवळता, कोपरं सैल सोडता. मागच्याला दिसते ती तुमच्या हेल्मेटची मागची बाजू. खड्डा आला हे त्याला कंबरेला दणका बसल्यावरच कळतं. पहिल्या फेरीतली भीती वेगापेक्षा या न दिसण्याची जास्त असते, आणि ती घालवणं हे सर्वस्वी चालवणाऱ्याचं काम आहे.

लिहायच्या सोयीसाठी मी चालवणारा ‘तो’ आणि मागे बसणारी ‘ती’ धरली आहे. तुमच्या घरी उलट असेल तर तसं वाचा. मागचा ऐंशी किलोचा असेल तर हवेचा परिच्छेद दोनदा वाचा.

आधी स्वतः मागे बसा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. भरवशाच्या मित्राला तुमची गाडी चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसून कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत जाऊन या. सीट कुठे टोचते, फूटरेस्ट किती वर आहेत, ब्रेक लागला की हाताला धरायला काही सापडतं का, हे सगळं तुमच्याच अंगाला कळेल. स्पोर्टी बाइकच्या दोन तुकड्यांच्या सीटवर मागचा भाग पाटासारखा कडक आणि पुढे उतरता असतो; काहींना मागे धरायचा दांडाही नसतो. अशा गाडीवर पहिली फेरी न केलेली बरी. भावाची किंवा मित्राची साधी, लांब सपाट सीटवाली १२५-१५० सीसीची गाडी मागून आणा. कमीपणा वाटून घेऊ नका, तिला गाडीचं मॉडेल बघायचं नाहीये.

कागदपत्रं

हे पटकन उरकू. शिकाऊ परवान्यावर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही, त्यामुळे पक्कं लायसन्स हवंच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे. पुणेकरांनी हेल्मेटसक्तीवर वाद घालण्याची हौस पुरेपूर भागवून घेतली आहे, आता निदान मागच्याच्या डोक्यावर तरी तो वाद नको. विम्याकडे मात्र नीट बघा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीला त्यात सहसा संरक्षण नसतं. पॉलिसीची पानं उलटून मागे बसणाऱ्यासाठी अपघात विमा जोडलेला आहे का ते पाहा, नसेल तर एजंटला विचारून जोडून घ्या.

गाडीची तयारी

१५० सीसीच्या बाइकचं वजन साधारण १४०-१५० किलो असतं. मागे पंचावन्न-साठ किलोचं माणूस बसलं की गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त भार वाढतो, आणि तो जवळजवळ सगळा मागच्या चाकावर येतो. गाडी मागून बसते, पुढून हलकी होते, हँडल थोडं तरंगल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिल्यांदा हवा. चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर एक स्टिकर असतो. त्यावर मागच्या चाकासाठी दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. पंपावरचा मुलगा न विचारताच नेहमीची हवा भरतो, त्याला दोघांचा आकडा सांगा. टायर गार असताना, म्हणजे घरातून निघून जवळच्याच पंपावर भरा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा फुगून दिसतो.

मग मागचे शॉकअप. दोन शॉकअपच्या गाडीत स्प्रिंगच्या खालच्या बाजूला पायऱ्यांची खाच असते. ती गाडीच्या टूलकिटमधल्या हुकाच्या पान्याने फिरते. एक-दोन पायऱ्या कडक करा, दोन्ही बाजूंना सारख्या. एकच शॉकअप असेल आणि पाना आत जात नसेल तर गॅरेजवाल्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यास स्पीडब्रेकरवर मागचं सस्पेन्शन तळाला टेकतं आणि तो फटका थेट तिच्या कंबरेत जातो.

चेन बघताना दोघं बसल्यावर ती किती ताणली जाते हे बघा. एकट्याच्या वजनाला बरोबर वाटणारी चेन दोघांच्या वजनाला फार ताठ होऊ शकते. हेडलाइटचा झोत मागून गाडी बसल्यामुळे वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पहिली फेरी दिवसाच करणार असाल तर हे नंतर बघितलं तरी चालेल. आरसे मात्र ती बसल्यावर पुन्हा लावावे लागतात, कारण त्यात आता तिचा खांदा दिसतो.

साडी गार्ड काढून टाकलं असेल तर परत बसवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात मागच्यासाठी धरायचा दांडा, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण या तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. ओढणी चाकात गुंडाळली गेली की काय होतं हे ज्याने एकदा पाहिलंय तो गार्ड कधी काढत नाही.

तिची तयारी

हेल्मेट तिच्या मापाचं घ्या. तुमचं जुनं, कपाळावर सरकणारं हेल्मेट तिला देऊ नका. भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती शिंप्याचा टेप फिरवा. ५६ सेंटिमीटर आलं तर ५६०, ५८ आलं तर ५८० असे आकडे बहुतेक कंपन्यांच्या लेबलवर असतात. पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ असा क्रमांक असलेलं घ्या. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट डावी-उजवीकडे हलवलं तर गालाची कातडी सोबत हलायला हवी. पट्टा आवळल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

आता पुण्याचा खास प्रश्न: स्कार्फ. डोकं, चेहरा, मान सगळं गुंडाळून, वर गॉगल लावून निघण्याची इथली पद्धत धुळीपुरती उत्तम आहे. पण जाड स्कार्फ डोक्यावरून दोनदा फिरवून मागे गाठ मारली की मोजून घेतलेलं हेल्मेटही वर बसतं आणि गाठ टोचायला लागते. पातळ सुती स्कार्फ घ्या. तो नाक-तोंड आणि मानेभोवतीच ठेवा आणि टोकं जॅकेटच्या आत खोचा. केसांची वेणी मानेपाशी सैल घातलेली बरी, अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही. मोठे झुमके घरीच राहू द्यात.

ओढणी नको. घ्यायचीच असेल तर पूर्ण गुंडाळून जॅकेटच्या चेनच्या आत. पायात घट्ट बसणारे, घोटा झाकणारे बूट, कारण बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि तिची पोटरी त्याच्यापासून चार बोटांवर. जीन्स चालेल, पातळ लेगिंगला ती झळ अडवता येत नाही. पाठीवरची जड सॅक पहिल्या फेरीला नको, ती प्रत्येक पिकअपला तिला मागे खेचते. एक छोटी बॅग तिरकी, पोटापाशी, तुम्हा दोघांच्या मध्ये राहील अशी.

साडी नेसून एका बाजूला बसण्याचा प्रश्न येतोच, विशेषतः लग्नसराईत. पहिल्यांदा तर नाहीच. सगळं वजन डाव्या बाजूला जातं, पाय एकाच फूटरेस्टवर, आणि जोरात ब्रेक लागला तर अडवायला काही नाही. कार्यालयात पोचायचंय ना? रिक्षा करा.

गाडी बंद असताना

हा धडा सोसायटीच्या पार्किंगमध्येच, इंजिन बंद ठेवून घ्या. तुम्ही आधी बसा. साइड स्टँड वर घ्या, गाडी सरळ उभी करा, दोन्ही पाय जमिनीवर पक्के रोवा, पुढचा ब्रेक दाबून ठेवा. मागचे फूटरेस्ट उघडलेले आहेत ना, हे तुम्ही बघा. ती पाय टाकायला जाते तेव्हा ते दुमडलेले असले की सगळी फजिती होते.

मग ती विचारेल, “बसू?” तुम्ही तयार असलात तरच म्हणायचं, “बस.” हा सवाल-जवाब गमतीचा वाटतो, पण गाडी तिच्या वजनाने नेमकी तेव्हाच कलंडते जेव्हा तुम्ही खिशात किल्ली किंवा मोबाइल शोधत असता. ती नेहमी डावीकडून चढेल, कारण उजवीकडे वाहतूक आणि सायलेन्सर. डावा हात तुमच्या डाव्या खांद्यावर, डावा पाय फूटरेस्टवर, आणि उजवा पाय सीटवरून पलीकडे. उंची कमी असेल तर फूटरेस्टवर पूर्ण उभं राहून बसावं लागतं. तेव्हा सगळा भार डावीकडे येतो, तुम्ही गाडी किंचित उजवीकडे तोलून धरा. पाच-सहा वेळा चढ-उतार करून घ्या. उतरतानाही विचारायचं, “उतरू?” सिग्नलला गाडी थांबली की झटकन उडी मारायची स्कूटरची सवय इथे मोडावी लागते.

धरायचं कसं, यावर घरोघर वेगळं मत असतं. हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून बसणं तर चालणारच नाही. मला सगळ्यात पटते ती पद्धत अशी: एक हात मागच्या दांड्याला, दुसरा तुमच्या कंबरेला. दांडा पिकअपला आधार देतो आणि कंबरेवरचा हात ब्रेकला. गुडघ्यांनी तुमचे कुल्ले हलके आवळलेले, म्हणजे हातांवर सगळा जीव येत नाही. जोरात ब्रेक लागणार असं वाटलं तर कंबरेवरचा हात पुढे घेऊन तळवा टाकीवर टेकवायचा. हेही उभ्या गाडीवर दोन-तीनदा करून घ्या. खांदे धरून बसणं टाळा, कारण तुमचे खांदे ओढले गेले की हँडल ओढलं जातं.

आणखी तीन गोष्टी तिला आधीच सांगा. गाडी थांबली तरी पाय फूटरेस्टवरच, जमिनीवर पाय टेकवायचं काम तुमचं. वळणावर गाडी झुकते ती पडण्यासाठी नव्हे. उलट्या बाजूला अंग टाकायचं नाही, डावं वळण असेल तर तुमच्या डाव्या खांद्यावरून पुढे बघायचं, शरीर आपोआप बरोबर राहतं. आणि मोबाइल बॅगेत.

वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवा. मांडीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. बाकीच्या खुणा ठरवू नका, ऐनवेळी कुणाला आठवत नाहीत. आणि दोन थापा आल्या तर ‘का?’ हे गाडी बाजूला घेतल्यावर विचारायचं.

चालवताना

ज्यांच्या मागे बसणारी स्वतः ॲक्टिवा चालवते, म्हणजे पुण्यातल्या बहुतेकांच्या, त्यांना एक गोष्ट लगेच जाणवेल: ती मागे बसून ब्रेक दाबते. तुमच्या आधी. तिच्या पायाचा दाब फूटरेस्टवर वाढला की समजा तिला तुमच्यापेक्षा लवकर थांबायचं होतं. हा मला गाडीवरचा सगळ्यात खरा मीटर वाटतो. पहिल्या फेरीत तिच्या ब्रेकला तुमचा ब्रेक लागला पाहिजे.

क्लच सावकाश सोडा. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला की तिचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. तो ‘टक’ आवाज येत राहिला तर तुमचे गिअर अजून घाईचे आहेत. थोडा जास्त वरचा गिअर आणि गोल, एकसारखा ॲक्सिलरेटर, एवढ्याने निम्म्याहून अधिक टकटक थांबते.

ब्रेक दोन्ही वापरा. एकट्याने चालवताना मागचा ब्रेक जरा जास्त लागला की चाक घसरतं, म्हणून अनेकजण पुढच्यावरच भिस्त ठेवतात. आता मागच्या चाकावर वजन असल्यामुळे मागचा ब्रेक नेहमीपेक्षा जास्त धरतो, आणि तो आधी हलका लावला की गाडी पुढे डोकं न आपटता बसते. मग पुढचा. थांबायला अंतर जास्त लागतं. ताशी ४० किलोमीटरला तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता, पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर म्हणजे तेहतीस मीटर. पुण्यात तेहतीस मीटर मोकळे दिसले की त्यात दोन रिक्षा आणि एक डिलिव्हरीवाला घुसणारच. घुसू द्या. पुन्हा मागे राहा. ‘सगळे पुढे चाललेत’ ही खंत आज बाजूला ठेवा.

स्पीडब्रेकर किंवा खड्डा टाळता आला नाही तर आधी वेग कमी करा, आणि चाक वर चढण्याआधी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचे शॉकअप आधीच दबलेले असतात, दणका दुप्पट. आपल्याकडे झाडाच्या सावलीतले, रंग उडालेले स्पीडब्रेकर फार. ते आले की डावा कोपर किंचित मागे करून तिला हलकासा स्पर्श करा. तेवढ्या इशाऱ्यावर ती फूटरेस्टवर भार घेऊन कंबर सैल करते. काही दिवसांनी तुम्ही हे करताय हे तुमच्याही लक्षात येणार नाही.

थांबताना हँडल सरळ. हँडल वळलेलं असताना गाडी थांबली तर दोघांच्या वजनाने ती ज्या बाजूला कलते, तिथून तिला उचलणं जवळजवळ अशक्य. यू-टर्न अरुंद असेल तर मागचा ब्रेक हलका धरून, अर्ध्या क्लचवर, नजर जिथे जायचंय तिथे. जमणार नाही असं वाटलं तर तिला उतरवा, गाडी वळवा, परत बसवा. चढावरच्या सिग्नलला डावा पाय खाली, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, आणि क्लच धरतो असं वाटल्यावरच ब्रेक सोडा. नाहीतर गाडी मागे सरकते आणि मागच्या रिक्षावाल्याची मतं ऐकावी लागतात.

पहिला रस्ता कोणता

रविवारी सकाळी साडेसहाला निघा. पश्चिमेकडच्यांनी सेनापती बापट रस्त्याने विद्यापीठाकडे आणि तिथून पाषाण रस्ता धरावा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या बाजूने तो रुंद, सावलीचा आणि बऱ्यापैकी सपाट आहे. पूर्वेकडच्यांनी कॅम्प, रेसकोर्स, एम्प्रेस गार्डन असा गोल मारावा आणि कॅम्पातच बनमस्का-चहा घ्यावा. अर्धा तास पुरे. मध्ये एकदा मुद्दाम थांबा, तिला उतरू द्या, पाय झटकू द्या.

कात्रज-देहूरोड बायपास टाळा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर जड गाड्यांचे अपघात होत आलेत, तिथे नवखं माणूस मागे घेऊन जाण्यात काही अर्थ नाही. दिवे घाटात अवजड वाहतूक असते, तोही नंतर. आणि मुंबईचा विचार मनात असेल तर द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई आहे, जुन्या महामार्गानेच जावं लागतं.

उतरल्यावर ‘मजा आली ना?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘नेमकी कुठे भीती वाटली?’ असं विचारा. “त्या बसच्या शेजारून गेलास तेव्हा” असं काहीतरी ठोस ऐकायला मिळेल. वाद न घालता ऐकून घ्या. बसच्या आणि तुमच्या मध्ये दोन फूट जागा होती हे तुम्हाला माहीत होतं, पण बसचा पत्रा तिच्या गुडघ्याजवळून गेला होता.

मग सिंहगड

दोन-चार वेळा शहरात फिरून झालं, टकटक थांबली, ती हात सोडून स्कार्फ नीट करायला लागली, की घाट चालेल. डोणज्याकडून जाताना गोळेवाडीच्या नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते. पुढे रस्ता अरुंद, चढ तीव्र, वळणं आंधळी. चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहा. दोघांच्या वजनावर वळणात गिअर कमी करायची वेळ आली तर झटका बसतो, म्हणून वळणाआधीच बदला. पुढचं चाक हलकं झालेलं असतं, तिला पुढे सरकून, तुमच्याजवळ बसायला सांगा. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आपली डावी बाजू सोडायची नाही.

उतार जास्त अवघड. ती घसरून तुमच्यावर येते, तुमचे हात हँडलवर ताठ होतात, आणि ताठ हातांनी गाडी वळत नाही. उतरायला सुरुवात करण्याआधीच सांगा: एक हात मागच्या दांड्याला घट्ट, दुसरा तळवा टाकीवर. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनला वेग अडवू द्या. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवण्याचा मोह नको. ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबा, सोडा, दाबा. ब्रेकचा जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि गार होऊ द्या. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे अधूनमधून बंद होतो, निघण्याआधी चौकशी करा. उघडा असला तरी शेवाळलेल्या कडा आणि धुकं यांच्यासाठी पहिली वारी पाऊस संपल्यावरच करा.

खाली गोळेवाडीला आल्यावर पाच मिनिटं तिला उतरवा, तिचे गुडघे आणि तुमची मनगटं भरून आलेली असतात. तिथून पुण्यापर्यंतचा रस्ता सोपा आहे. पण रविवारी ऊन चढलं की खडकवासल्याच्या चौपाटीपाशी कणसं आणि भज्यांवाल्यांपुढे गाड्या दोन्ही बाजूंनी खोळंबतात, तेव्हा गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही नऊच्या आत उरकून घ्या.